एक अंशाचा उतार

ऐका ना, सांगायचंय मला शुक्रवारचं, पण शुक्रवार कळायला आधी रविवार सांगावा लागेल, आणि रविवार कळायला आमची वहिनी. मध्ये कुणी बोलू नका, मी विसरते मग कुठे होते ते.

तर वहिनी. लग्नाआधीपासून ती ड्राफ्ट्समन होती. ड्राफ्ट्सवुमन म्हणा हवं तर, पण ती स्वतः ड्राफ्ट्समनच म्हणते. यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढायची, आणि काय काढायची! तिचं एक जुनं ड्रॉइंग कपाटात गुंडाळून ठेवलंय, मी बघितलंय, त्यातल्या रेघा बघून आपल्यालाच ताठ बसावंसं वाटतं. मग पिल्लू झालं, पिल्लू आजारी असायचं सारखं, नोकरी सुटली, आणि आठ वर्षं गेली. आता पिल्लू आठ वर्षांचं आहे आणि घरभर धावतंय, तर गेलं दीड वर्ष वहिनी अर्ज करतेय. सगळीकडे तेच. 'मधली आठ वर्षं काय केलंत?' एका ठिकाणी तिने सांगितलं, "मुलगी वाढवली," तर समोरचा म्हणाला, "ते झालं हो, पण काम काय केलंत?" घरी येऊन हे सांगताना ती हसत होती. मला नाही हसू आलं.

आणि दादा! दादा वाईट नाहीये, तीच तर अडचण आहे. तो प्रेमाने म्हणतो, "कशाला दगदग करतेस? आहे ना सगळं नीट." वहिनी म्हणते, भांडला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मग आमच्या ऑफिसातला एक डिझायनर सोडून गेला. एक खुर्ची रिकामी. मी लगेच साहेबांकडे. आमच्या साहेबांना आम्ही व्हर्नियर म्हणतो, कारण त्यांच्या खिशात कायम तो व्हर्नियर कॅलिपर असतो, मापं घ्यायचा, आणि ते कशाचंही माप घेतात. एकदा चहाबरोबरच्या बिस्किटाची जाडी मोजून म्हणाले, "मागच्या महिन्यापेक्षा कमी झालीय." तर व्हर्नियर म्हणाले, "आणा वहिनींना. सोमवार ते गुरुवार काम करू देत. शुक्रवारी वस्तू थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकमध्ये छापून बघू. बसली तर खुर्ची त्यांची."

वहिनीने ऐकलं आणि भांडी घासता घासता म्हणाली, "ठीक आहे. पण ही शेवटची. ही नाही झाली तर मी कुणाला विचारायला जाणार नाही परत." नळ चालूच होता, पाठ माझ्याकडे होती. ती उगाच बोलत नाही असं काही. ती एकदा बंद म्हणाली की बंद.

तर रविवार. दुपारी जेवणं झाल्यावर मी माझा लॅपटॉप काढला. वहिनीने आयुष्यभर कागदावर आणि नंतर कॉम्प्युटरवर सपाट ड्रॉइंग काढलेली. आमचं काम थ्रीडी. म्हणजे आधी एखाद्या बाजूवर चित्र काढायचं, स्केच म्हणतात त्याला, आणि मग ते चित्र पुढे ओढून त्याची वस्तू करायची, किंवा आत ढकलून भोक करायचं. मी म्हटलं, हा साधा लोखंडी कोन आहे, काढ.

वहिनीने दहा मिनिटांत काढला. समोरून कसा दिसतो, वरून कसा दिसतो, बाजूने कसा दिसतो, तिन्ही चित्रं शेजारी शेजारी, एकाच पृष्ठभागावर! कागदावर काढतात तशी! आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं. आता तुझं ते थ्रीडी कर."

मी मॉडेल फिरवलं. आडवं केल्यावर उरली फक्त एक रेघ. वहिनी स्क्रीनकडे बघतेय, मी वहिनीकडे बघतेय, आणि दादा मागून म्हणतो, "अगं, गेलं कुठे सगळं?"

"तू झोप जा," वहिनी म्हणाली.

मला इतकं हसू आलं की मला उचकी लागली. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "मी कागद कधी निवडलाच नाही गं. कागद असायचाच समोर." आणि मग माझं हसू थांबलं, कारण खरंच की! आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात, आधी बाजू निवडा मग पेन्सिल उचला, आणि तिला इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, कशावर काढतेस म्हणून.

मग मी पिल्लूच्या नव्या बुटांचा खोका आणला. म्हटलं, हे मॉडेल. झाकणावर गोल काढायचा तर आधी झाकणावर बोट ठेव. बाजूच्या भिंतीवर काढायचा तर त्या भिंतीवर बोट. बोट आधी, पेन नंतर. पिल्लूला तो खेळच वाटला. ती ओरडायची, "मागची भिंत!" आणि वहिनीने बोट ठेवायचं. "आतली खालची!" वहिनीचा हात खोक्यात कोपरापर्यंत. चार वाजेपर्यंत खोक्याची अशी दशा झाली की बूट ठेवायला पिशवी शोधावी लागली. पण संध्याकाळी वहिनीने तोच कोन परत काढला, बरोबर, प्रत्येक भोक आपापल्या बाजूवर. मॉडेल गोल गोल फिरवून बघत बसली होती, दहा मिनिटं, नुसती.

सोमवारी ऑफिसला. काम काय होतं सांगते, सोपं आहे. आम्ही एका छोट्या पाण्याच्या पंपाची प्लास्टिकची पेटी करतोय. पेटीचं मॉडेल मी केलेलं, तीन महिने खपून. माझं लाडकं मॉडेल. येईल त्या गिऱ्हाइकाला व्हर्नियर ते दाखवायचे आणि मी उगाच तिथून ये-जा करायची. वहिनीने त्या पेटीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन गोल बैठका, म्हणजे दांडा टेकायला जाड गोल उंचवटे, करायच्या होत्या, त्यांत भोकं, आणि त्या दोन्ही भोकांतून एक बारा मिलिमीटरचा दांडा आरपार जायला हवा. बस्स.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. प्लास्टिकची पेटी साच्यातून सुटून बाहेर यावी लागते, म्हणून तिच्या भिंती अगदी सरळ उभ्या नसतात, किंचित कललेल्या असतात. बादली कशी वर रुंद, खाली अरुंद असते? तसं. आमच्या पेटीला एक अंशाचा उतार. एक अंश डोळ्याला दिसत नाही. मी स्वतः दिला होता तो उतार, तीन महिन्यांपूर्वी. आणि विसरले होते! साफ!

वहिनी काम इतकं छान करत होती! मंगळवारी तिने व्हर्नियरना विचारलं, "या भोकाला किती ढिलाई ठेवायची? आकड्यात सांगा." ते इतके खूश झाले, की आकड्यात विचारणारं कुणी भेटलं, म्हणून स्वतः उठून खुर्ची ओढून बसले तिच्याजवळ. मी लांबून बघत होते आणि मनात म्हणत होते, झालं, लागली नोकरी.

बुधवारी दुपारी वहिनीने मला हाक मारली. "इकडे ये जरा." मी फोनवर होते, एका हाताने फोन धरून गेले. ती म्हणाली, "मी या भिंतीवर क्लिक केलं आणि 'समोरून दाखव' म्हटलं ना, तर पेटीने जराशी मान हलवली बघ. इतकुशी. ही भिंत सरळ आहे ना?"

आणि मी, मी काय म्हटलं माहितीय? "अगं सरळच आहे. मीच केलीय. ते असंच हलतं. तू समोर दिसते त्या भिंतीवर क्लिक कर आणि पुढे चल."

बघितलंसुद्धा नाही मी. फोन होता म्हणे! वहिनीने माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, आणि क्लिक केलं.

शुक्रवार. सकाळी साडेदहाला प्रिंटरवाल्या काकांनी छापलेली पेटी टेबलावर आणून ठेवली. अजून कोमट होती. व्हर्नियरनी दांडा घेतला. डाव्या भोकातून घातला, छान गेला, सुळकन. मी वहिनीचा हात दाबला. आणि दांडा पलीकडे पोचला आणि आवाज आला. टक्.

परत काढला, परत घातला. टक्. दांडा भोकाच्या वरच्या काठाला अडत होता. मग उजवीकडून घालून बघितला. तिकडूनही टक्. व्हर्नियरनी कॅलिपर काढला, मोजलं, म्हणाले, "जवळजवळ दीड मिलिमीटर." मग कॅलिपर खिशात ठेवला. आणि हळू आवाजात, म्हणजे माणूस खरंच वाईट नाही, ते म्हणाले, "ताई, तुमचा हात चांगला आहे. काळजीपूर्वक काम करता तुम्ही. पण दीड मिलिमीटर म्हणजे... आमच्याकडे शिकवायला वेळ नसतो हो."

वहिनीचा चेहरा मी बघितला नाही. मला बघवेना. मी पेटीकडे बघत होते, आणि मला एकदम दिसलं. अहो, दिसलं म्हणजे काय, डोक्यात लख्ख पडलं! भिंती कललेल्या. बैठका भिंतींवर काढलेल्या, म्हणून बैठकाही कललेल्या. एक इकडे, एक तिकडे. दोन भिंतींत ऐंशी मिलिमीटर अंतर, त्यावर एक अंश म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटरच! पेटीने मान हलवली होती ती हीच! आणि वहिनीला दिसली होती!

"साहेब, चूक..." मी सुरू केलं.

"थांब," वहिनी म्हणाली.

"अगं पण मीच तुला..."

"वन्सं, थांबा म्हटलं ना."

वन्सं! ती मला वन्सं कधीच म्हणत नाही, फक्त भयंकर चिडली की म्हणते. मग ती व्हर्नियरना म्हणाली, "साहेब, मी चुकीच्या पृष्ठभागावर काढलंय. दोन्ही भिंती सरळ नाहीयेत. मला परवा शंका आली होती, आणि मी ती सोडून दिली. दुपारपर्यंत वेळ द्या. आजचा दिवस माझाच आहे ना, शुक्रवार संपलेला नाही अजून."

व्हर्नियर घड्याळाकडे बघून म्हणाले, "चारला मी निघतो."

तिने मला हाताला धरून जिन्याकडे नेलं. मला वाटलं आता मार बसतो. म्हणाली, "तू काय सांगणार होतीस?"

"खरं ते. तू विचारलं होतंस, आणि मी म्हटलं होतं सरळ आहे."

"म्हणजे त्यांना काय कळलं असतं? की ही बाई, कुणीही काहीही सांगावं आणि हिने करावं. आठ वर्षं मी तेच केलंय. सगळ्यांनी म्हटलं राहू दे, मी म्हटलं राहू दे." तिने माझा हात सोडला. "मला दिसलं होतं. दिसूनसुद्धा मी तुझं ऐकलं. ही चूक माझी आहे, बाई. ती तरी माझ्याकडे राहू दे."

मी म्हटलं, "सॉरी."

"सॉरी नंतर म्हण. आधी सांग, भिंत कललेली असेल तर काढायचं कशावर?"

मी तोंड उघडलं, आणि तिनेच उत्तर दिलं. "मध्ये. पेटीच्या बरोबर मध्यावर. तिथे काहीच नाहीये, पण आपण मानू शकतो ना एक उभा कागद? मधोमध उभा धरलेला? त्यावर गोल काढायचा, आणि दोन्हीकडे ओढत भिंतीपर्यंत न्यायचा."

मी तिला काहीही शिकवलं नव्हतं यातलं! खोक्याला भिंती असतात, खोक्याच्या मध्ये हवा असते. हे तिला तिचंच सुचलं.

ती बसली. जुनी स्केच काढून टाकली तर डावीकडच्या पायऱ्यांच्या यादीत अकरा ठिकाणी लाल खुणा उगवल्या. एकावर एक रचलेलं असतं ना सगळं, खालचं काढलं की वरचं कोसळतं. माझा हात आपोआप माऊसकडे गेला. चापट बसली. खरी चापट! समोरचा अकाउंटंट वळून बघायला लागला. "हात मांडीवर," वहिनी म्हणाली, "पिल्लूला सांगते तसं सांगतेय." मग एकेक लाल खूण तिने उघडली, वाचली, दुरुस्त केली, पुढची उघडली. घाई नाही. मी नखं खात होते. माझ्या एका बोटाला अजून दुखतंय, हे बघा.

एक वाजता ती प्रिंटरवाल्या काकांकडे गेली. काका म्हणाले, "अख्खी पेटी? उद्या सकाळी मिळेल."

"अख्खी नको. दोन भिंती आणि मधली तळाची पट्टी एवढंच छापा. दांडा बाकीच्या पेटीला विचारणार नाहीये."

काका हसले. म्हणाले, "अडीच तास."

अडीच तास! एक अधिक अडीच म्हणजे साडेतीन, आणि चारला साहेब जाणार. मी प्रिंटरच्या काचेसमोरून हलले नाही. वहिनी मात्र शांतपणे जाऊन माझंच मॉडेल फिरवत बसली, बोट स्क्रीनजवळ धरून, एकेका बाजूवर. थोड्या वेळाने तिने मला बोलावलं, आणि आवाज अगदी बारीक करून म्हणाली, "मोटरची बैठक कुणी केलीय?"

"मी. का?"

"कशावर काढलीस?"

मी क्लिक केलं. मागच्या भिंतीवर. कललेल्या. आणि पेटीने जराशी मान हलवली.

मोटर अजून आलीच नव्हती आमच्याकडे, म्हणून कुणाला कळलंच नव्हतं, आणि सोमवारी हीच फाइल साचेवाल्याकडे जाणार होती! साचा म्हणजे पोलादात कोरतात तो, एकदा कोरला की कोरला. वहिनी म्हणाली, "मी कुणाला सांगितलेलं नाही. ही तुझी आहे." एवढंच. आणि परत आपलं काम करायला लागली.

तीन पंचावन्नला पट्टी निघाली. व्हर्नियर कोट चढवत होते. कोट एका हातात चढवलेला तसाच ठेवून त्यांनी दांडा घेतला. डावीकडून घातला. मी डोळे मिटले, खरं सांगते. आवाजच आला नाही. मग मी डोळे उघडले तर दांडा दोन्हीकडून बाहेर आलेला, आणि व्हर्नियर तो एका बोटाने फिरवत होते. फिरतोय आपला गरगर.

"मध्यावर घेतलंत?"

"हो. भिंतीवर विश्वास ठेवला नाही."

"सकाळी मी म्हणालो ते..." व्हर्नियर म्हणाले, आणि दुसरी बाही शोधत राहिले. ती सापडेना. शेवटी वहिनीनेच कोट धरला. मग ते म्हणाले, "सोमवारी नऊला या."

आणि आमची वहिनी, दीड वर्ष दारोदार फिरलेली वहिनी, काय म्हणाली असेल? "साडेनऊ. मुलीची शाळेची बस नऊला येते."

मी मनात म्हटलं, मेले. व्हर्नियरनी एक क्षण बघितलं तिच्याकडे. "साडेनऊ म्हणजे साडेनऊ," म्हणाले.

"नऊ एकोणतीस," वहिनी म्हणाली. आणि ते हसले! मी चार वर्षांत पहिल्यांदा त्यांचे दात बघितले.

ते दारापर्यंत गेले होते. मला वाटत होतं, आजचा दिवस इतका छान झालाय, सोमवारी सकाळी सांगू, गुपचूप बदलून टाकू, कुणाला कळणारे? वहिनी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, दांडा पुसत होती फडक्याने. तेच असह्य झालं मला. मी धावत गेले. "साहेब, मोटरची बैठक पण वाकडी आहे. ती माझी आहे. तीन महिन्यांपासून."

त्यांचं हसू गेलं. परत आत आले, कोट काढला, बसले, आणि मला शेजारी बसवून वीस मिनिटं एकेक गोष्ट विचारली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर, वहिनी म्हणते तसं, बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, "सोमवारी दुरुस्त करा. साचेवाल्याला मी थांबवतो. आणि मला दाखवायच्या आधी ताईंना दाखवायचं. यापुढे सगळंच."

घरी जाताना बसमध्ये मी रुसले होते जरा. हो, रुसले होते, हसू नका! तीन महिन्यांचं लाडकं मॉडेल माझं! वहिनीने खिडकीची जागा मला दिली. थोड्या वेळाने म्हणाली, "तू धावत गेलीस ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, दांडा गेला त्याहून जास्त." मग माझाही रुसवा टिकला नाही. टिकवायचा प्रयत्न केला होता मी.

दादाने दार उघडलं आणि आमची तोंडं बघून विचारलं, "काय झालं?" वहिनी चपला काढता काढता म्हणाली, "सोमवारपासून पिल्लूला बसमध्ये मी बसवीन. वेण्या तू घालायच्या."

दादा म्हणाला, "वेण्या... दोन?"

"दोन."

तो आत गेला आणि पिल्लूला समोर बसवून लगेच सरावाला लागला. तोंडात रबरं धरून. एकदाही 'दगदग' म्हणाला नाही.

आज तिसरा दिवस. माझी दोन मॉडेलं परत केली तिने काल, लाल खुणा करून, आणि एकावर लिहिलंय, 'कशावर काढलंस?' सगळ्या ऑफिससमोर! आणि घरी आल्यावर तीच बाई विचारते, "जेवलीस का गं नीट दुपारी?" मी म्हटलं, ऑफिसात इतकं छळायचं आणि घरी इतकं गोड बोलायचं, हे कसं जमतं? तर म्हणाली, "ती वेगळी बाजू, ही वेगळी बाजू. चल, ताटं घे."